तेल अंधारात, पोरं उन्हात

दवाखान्याचं नाव मी सांगणार नाही. धुळ्यात होता, एवढं पुरे. नाव झाकतोय ते दवाखान्याची अब्रू राहावी म्हणून नव्हे, तिची फिकीर करायचं मी कधीच सोडलं. झाकतोय ते माझ्यासाठी. स्वातंत्र्यानंतरची सहा-सात वर्षं त्या दवाखान्याच्या भांडाराच्या किल्ल्या माझ्या कमरेला होत्या, आणि ज्या तेलापायी हे सगळं झालं ते तेल माझ्या ताब्यात होतं.

ज्यांची ही गोष्ट, त्या बाई दवाखान्याच्या प्रयोगशाळेत होत्या. प्रयोगशाळा म्हणजे जिन्याखालची एक खोली. एक टेबल, एक सूक्ष्मदर्शक, स्पिरिटचा दिवा आणि उत्तरेला एक खिडकी. दवाखान्यात बाईमाणूस म्हणजे नर्स नाहीतर आया, असा तेव्हाचा समज. नवा डॉक्टर आला की हटकून हाक मारायचा, "ओ सिस्टर!" बाई मान वर करत नसत. तिसऱ्या हाकेला म्हणत, "मी कुणाची सिस्टर नाही. मी रक्त-लघवी तपासते. काम असेल तर सांगा."

सोनगीरच्या बाजूच्या एका खेड्यातल्या त्या. वडील प्राथमिक शाळेत मास्तर. लग्न लहानपणी झालं होतं आणि लहानपणीच संपलं होतं. याहून अधिक त्या सांगत नसत आणि विचारायची कुणाची छाती नव्हती. भाऊबंदांशी भांडून वडिलांनी त्यांना पुण्याला शिकायला ठेवलं. त्या भांडणाचा वारसा बाईंनी पुरेपूर घेतला होता. पायांत पुरुषी कॅनव्हासचे बूट, अंगावर सुती नऊवारी, आणि हातात छत्री. पण छत्री डोक्यावर कधी नसायची. घरून येताना काखेत तपासणीच्या औषधांच्या बाटल्यांची एक पेटी असे, छत्री त्या पेटीवर धरलेली असे, आणि बाई स्वतः वैशाखाच्या उन्हात उघड्या डोक्यानं चालत येत. लोक हसायचे. "मला काही होत नाही," त्या म्हणायच्या. "आतल्या औषधांना होतं."

गळ्यात काळ्या दोऱ्यात एक बोटभर लांबीची पितळी नळी असे. शिपाई तिला बाईंचा ताईत म्हणत. तो स्पेक्ट्रोस्कोप होता. पुण्याला असताना त्यांनी हातातल्या पाटल्या मोडून तो कुणा निवृत्त प्राध्यापकाकडून जुना विकत घेतला होता. एका टोकाला डोळा लावून उजेडाकडे बघितलं की उजेडाचे सात रंग पट्टीसारखे पसरलेले दिसतात. मध्ये काही रंगीत पातळ पदार्थ धरला, तर तो आपले आपले रंग खाऊन टाकतो आणि पट्टीत तेवढ्या जागी काळ्या रेघा उमटतात. बाई त्यातून काय बघत नसत! बिटाचा रस, कंदिलाची ज्योत, माझ्या शाईची दौत. एकदा माझ्या चहाचा पेला माझ्या हातातून काढून खिडकीशी नेला, बघितला, परत दिला. "काही नाही," म्हणाल्या, "नुसता वाईट चहा आहे."

'जवळजवळ' या शब्दाला त्यांच्या खोलीत बंदी होती. एकदा एका डॉक्टरानं दारातूनच विचारलं, "बाई, त्या बाळंतिणीचं रक्त जवळजवळ किती आहे?" बाई म्हणाल्या, "ती जवळजवळ जिवंत आहे का? नाही ना? मग पाच मिनिटं थांबा, नीट सांगते."

आणि सर्वांत मोठा गुन्हा म्हणजे तपासणीचा कागद त्या रोग्यालाही वाचून दाखवायच्या, त्याच्या भाषेत, अहिराणीत. दवाखान्यात ही गोष्ट कुणाला सहन होत नसे. रोग्याला काय कळतं, असा प्रश्न सगळे एकमेकांना विचारायचे. रोग्याला कुणीच विचारलं नव्हतं.

माझं आणि त्यांचं पहिल्या दिवसापासून बिनसलं. बाई औषधांना उजेड लागू नये म्हणून काळ्या बाटल्या मागायच्या, मी अर्ज मागायचो. अर्ज आणला की त्यावर सही नसायची, सही आणली की बाटल्या नसायच्या. मला त्यांचा संताप यायचा. आज माझा मलाच येतो, कारण बाटल्या होत्या. मागच्या फळीवर दोन डझन होत्या. अर्जाचा नमुना बरोबर नव्हता, म्हणून मी दिल्या नाहीत.

आता तेलाविषयी.

मुलांच्या वॉर्डात तेव्हा मुडदुसाची पोरं असत. हाडं मऊ, पाय धनुष्यासारखे वाकलेले, कपाळ पुढे आलेलं. बाईंना याचीच पहिली चीड. "या मुलखात? जिथे ऊन माणसाला भाजून काढतं तिथे उन्हावाचून पोरांची हाडं वाकतात?" पण तसंच होतं. आया गिरणीत, आणि पोरं चाळीतल्या अंधाऱ्या खोल्यांत दिवसभर दार लावून. वॉर्डातही निराळं काही नव्हतं. खिडक्यांना जाड पडदे, कारण मोठ्या डॉक्टरांना, म्हणजे दवाखान्याच्या प्रमुखांना, वॉर्ड थंड हवा असे. परदेशी बनावटीचा एक निळ्या उजेडाचा दिवा मात्र होता, अतिनील किरणांचा. त्याखाली पोरांना झोपवायचं अशी योजना होती. प्रत्यक्षात तो पाहुणे आले की लागायचा. बाई सकाळी आपल्या कामाआधी दोन-दोन पोरं उचलून अंगणात चादरीवर आणून ठेवायच्या. मेट्रन आत नेऊन ठेवायची. बाई पुन्हा आणायच्या.

एका वर्षी या पोरांसाठी शार्क माशाच्या तेलाच्या पेट्या आल्या, दान म्हणून. सुंदर पांढऱ्या काचेच्या बाटल्या, आत सोन्यासारखं तेल. मोठ्या डॉक्टरांना त्या इतक्या आवडल्या की त्यांनी व्हरांड्यात काचेचं कपाट करवून घेतलं आणि बाटल्या त्यात ओळीनं मांडायला लावल्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसायला हव्यात. व्हरांडा पश्चिमेचा. मार्चपासून दुपारी बारा ते सहा त्या कपाटावर असं ऊन यायचं की कडीला हात लावता येत नसे. मी बाटल्या मांडल्या, कपाटाला कुलूप लावलं, पुस्तकात नोंद केली. एक पेटी जागा नव्हती म्हणून भांडारात पोत्यांखाली तशीच पडून राहिली.

महिना-दीड महिन्यात पोरं तेल घेईनात. पहिल्या दिवसांत तोंड वेडंवाकडं करून का होईना घेत होती, आता ओकून टाकू लागली. नर्सा नाक दाबून पाजायच्या. एका सकाळी गिरणीत कामाला जाणारी एक आई माझ्या खिडकीशी आली. तिला वाटलं औषध मी देतो, म्हणजे मला कळत असेल.

"भाऊ, मनी पोर हाई दवा पेतच नही. पेनी का ओकी टाकस. दुसरी शे का?"

"दवा तीच आहे," मी म्हणालो. "सिस्टरला विचार."

"सिस्टर मारस तिले."

मी खिडकी लावून घेतली. भांडाराच्या खिडकीत रोग्यांनी येऊ नये असा नियम होता. ती बाई तिथून जिन्याखाली गेली असावी, कारण तासाभरात आमच्या बाई माझ्यापुढे उभ्या होत्या, हातात कपाटातली एक बाटली. कपाटाचं कुलूप त्यांनी कसं उघडलं ते मी अजून विचारलेलं नाही.

"याचा वास घ्या."

मी घेतला. माशाचा होता, आणि त्याच्याखाली आणखी काहीतरी. जुन्या रंगाच्या डब्याचा येतो तसा.

"माशाचं तेल आहे," मी म्हणालो.

"होतं," बाई म्हणाल्या. "अशीच एखादी बाटली आहे का, जी उन्हात ठेवली नाही?"

मला पोत्यांखालची पेटी आठवली. देताना नेमका त्या दिवशी मी अर्ज मागितला नाही. का ते सांगता येत नाही.

पुढचे आठ-दहा दिवस बाई दुपारची जेवणाची सुट्टी त्या निळ्या दिव्याच्या खोलीत काढत. माझ्या पेटीतलं ताजं तेल उथळ काचेच्या बशांत ओतून दिव्याखाली ठेवायच्या. एक बशी पाव तास, एक अर्धा, एक तास, अशी तीन तासांपर्यंत. मग एके दिवशी मला बोलावलं. म्हणाल्या, "तुम्ही माल सांभाळता ना? मग मालाचं काय झालं ते बघा."

मी बघितलं. त्यांनी सुईनं स्वतःचं बोट टोचलं. डाव्या हाताची सगळी बोटं टोचून टोचून खडबडीत झाली होती. रक्ताचे थेंब पाण्यात टाकून गुलाबी पाणी केलं आणि गळ्यातली पितळी नळी माझ्या हातात दिली. खिडकीच्या उजेडासमोर धरलेल्या त्या पाण्यातून बघितलं, तर सात रंगांच्या पट्टीत, पिवळ्या-हिरव्याच्या मध्ये, काजळाच्या दोन ठळक रेघा.

"ही रक्तातल्या प्रथिनाची सही आहे. श्वास धरून ठेवणारं प्रथिन. आता हे तेल घालते. पोत्याखालचं."

हलवून, थोडा वेळ थांबून पुन्हा बघितलं. रेघा तशाच.

"आता कपाटातलं."

गुलाबी पाण्याचा रंग माझ्या डोळ्यांदेखत मळकट तपकिरी होत गेला. नळीतून बघितलं तर दोन्ही रेघा पुसट, आणि तांबड्या रंगात, जिथे काहीच नव्हतं तिथे, एक नवीन बारीक रेघ.

"उन्हात तेलाला हवा लागली. ते स्वतः जळतंय, आणि ज्याला लागेल त्याला जाळतंय," बाई म्हणाल्या. "किती जळलंय तेही सांगते. दिव्याखाली तीन तास ठेवलेल्या तेलानं रेघा जितक्या वेळात पुसल्या, तितक्याच वेळात तुमच्या कपाटातल्या तेलानं पुसल्या. अशा तेलात औषध उरत नाही. पोरांना नाक दाबून तुम्ही हे पाजताय."

"मी नाही पाजत," मी म्हणालो.

मग बाई पहिल्यांदाच, माझ्याशी, अहिराणीत बोलल्या. "पोरं उनमां ठेवानी आन् तेल अंधारामां. तुम्ही बठ्ठं उलटं करी टाकं."

मोठ्या डॉक्टरांकडे त्या परीक्षानळ्यांची घोडी घेऊन गेल्या, तेव्हा मी सह्यांसाठी तिथेच उभा होतो.

"बाई, माशाच्या तेलाला माशाचाच वास येणार," मोठे डॉक्टर म्हणाले. "गुलाबाचा येईल का?"

"मी वासावर बोलत नाहीये. या, नळीतून बघा. दोन मिनिटांचं काम आहे."

"मला बघायची गरज नाही."

"का नाही?"

"बाई, मी विलायतेत शिकून आलोय."

"मग डोळे तिकडेच राहिले का?"

मी हसू दाबलं. दाबायला नको होतं, मोठ्यानं हसायला हवं होतं. त्या एका वाक्यापायी पुढचं सगळं झालं असं दवाखान्यात नंतर म्हणत. खोटं आहे. ते झालं कारण एका माणसाला दोन मिनिटं नळीला डोळा लावायचा नव्हता. लावला असता तर कपाट हलवावं लागलं असतं, आणि कपाट त्याच्या कल्पनेतलं होतं.

पंधरा दिवसांनी मुंबईहून एक बडे पाहुणे दवाखाना बघायला आले. कपाट पुसून लख्ख केलं होतं, निळा दिवा लावला होता, पोरांना धुतलेले कपडे घातले होते. सगळे व्हरांड्यात कपाटापाशी आले तर तिथे बाई उभ्या. स्टुलावर घोडी, गळ्यातली नळी हातात.

"साहेब, हे तेल खराब झालंय. मी मोजलंय. आपण बघावं."

मोठ्या डॉक्टरांचा चेहरा पांढरा झाला. पाहुणे मात्र सभ्य होते. त्यांनी चष्मा काढला, नळीला डोळा लावला, इकडेतिकडे फिरवली.

"वा! इंद्रधनुष्य!" ते म्हणाले. "छान आहे हो. मुलांनाही दाखवत जा."

सगळे हसले. मीसुद्धा हसलो. बाईंनी शांतपणे कपाटातली बाटली उघडली, चमचाभर तेल ओतलं आणि चमचा मोठ्या डॉक्टरांच्या तोंडासमोर धरला.

"एवढं घ्या. तीन वर्षांची पोरं रोज दोनदा घेतात."

डॉक्टर एक पाऊल मागे सरले. चमचा तिथेच राहिला, बाईंचा हात जराही हलला नाही. मग पाहुण्यांनी घड्याळ बघितलं आणि सगळा लवाजमा चहाला गेला.

दुसऱ्या दिवशी बाईंना मेमो आला. आरोप तीन. वरिष्ठांचा पाहुण्यांसमक्ष अपमान. निळ्या दिव्याचा परवानगीशिवाय खासगी वापर. आणि तिसरा मी दोनदा वाचला, तरी खरा वाटेना: मानवी रक्ताचा गैरवापर. स्वतःच्या बोटाच्या रक्ताचा! वर्षानुवर्षं सगळ्या जिल्ह्याचं रक्त तपासणाऱ्या बाईंना स्वतःच्या चार थेंबांसाठी कुणाची परवानगी घ्यायला हवी होती, ते त्या कागदात लिहिलेलं नव्हतं.

चौकशी झाली. मला मोठ्या डॉक्टरांनी खोलीत बोलावलं, खुर्ची दिली. आधी कधी दिली नव्हती. "तुम्ही अजून कायम झालेला नाहीत ना?" एवढंच विचारलं, आणि मग जबाब सांगितला. मी लिहून घेतला. 'तेल नियमानुसार, व्यवस्थित व सुरक्षित जागी ठेवण्यात आले होते. तेलाबाबत माझ्याकडे कोणीही तक्रार केलेली नव्हती.' खाली सही केली. खिडकीशी आलेली ती आई मला आठवली नाही असं नाही. ती आठवत असतानाच सही केली.

बाईंची नोकरी गेली. निरोप नाही, फुलांचा गुच्छ नाही. पेटी काखेत, पेटीवर छत्री, फाटकातून बाहेर. त्या जागेवर पुढे दोन वर्षं कुणीच नव्हतं. रक्त तपासायला रोगी जळगावला नाहीतर नाशिकला जायचे. ज्यांना परवडायचं नाही ते न तपासता बरे व्हायचे किंवा व्हायचे नाहीत.

त्याच वर्षाच्या शेवटी वरून एक परिपत्रक आलं. माशाचं तेल काळ्या बाटल्यांत, उजेडापासून दूर, थंड जागी ठेवावं. ते मीच फायलीला लावलं. मोठ्या डॉक्टरांनी एका दुपारीत कपाट हलवलं, मागच्या फळीवरच्या माझ्या दोन डझन काळ्या बाटल्या धुऊन घेतल्या, आणि पुढच्या तपासणीत दवाखान्याच्या तत्पर अंमलबजावणीबद्दल शाबासकी मिळवली. माझं नावही त्या शेऱ्यात होतं. मी कायम झालो.

पुढे माझी जळगावला बदली झाली. मुलीला मुलींच्या शाळेत घालायला गेलो, तर व्हरांड्याच्या टोकाच्या वर्गातून आवाज आला, "जवळजवळ? पाणी जवळजवळ उकळतं का?" माझे पाय तिथेच थांबले.

मधल्या सुट्टीत बाई बाहेर आल्या. केस पांढरे झाले होते, बूट तेच. मला ओळखलं. मी काय बोलायचं ते बरीच वर्षं मनात जुळवून ठेवलं होतं, पण भलतंच बोललो. म्हणालो, "बाई, त्या वेळी मी एक जबाब दिला होता."

"माहीत आहे. चौकशीत वाचून दाखवला मला."

"मी खोटं लिहिलं. तुमची माफी मागायची आहे."

"माझी?" बाईंचा आवाज चढला. खेळणाऱ्या दोन-चार मुली वळून बघू लागल्या. "माझं काय बिघडलं? मला नोकरी मिळाली. ऊन मिळतं, खायला मिळतं. माझी कसली माफी मागता? त्या तेलावर किती पोरं होती?"

"असतील दहा-बारा."

"अकरा. नावं सांगा."

मला एकही नाव येत नव्हतं. सहा वर्षं मी त्या वॉर्डाच्या चादरी, वाट्या, चमचे मोजले होते. बाटल्यांचा आकडा मला अजून पाठ होता. पोराचं नाव एकही नाही.

"तेलानं कुणी मेलं नाही," बाई म्हणाल्या. "तेवढं मी शोधून काढलं, घरोघर जाऊन. पण हाडं सुधारायचे जे महिने होते ते तुम्ही वाया घालवले. तिघांचे पाय तसेच राहिले, जन्मभरासाठी. माफी त्यांना मागा. नावं माहीत नाहीत तर मागणार कशी?"

मग हाताची घडी घालून, माझ्या चेहऱ्यावरची नजर न काढता, त्यांनी सांगायला सुरुवात केली.

"गिरणीच्या चाळीतली कमल, तीन वर्षं. तिची आई तुमच्या खिडकीशी आली होती. सोनगीरचा दगडू, अडीच. देवपुरातली यमुना, चार. स्टेशनामागचा रहीम, तीन. कापडण्याची जनी, दोन..."

अकराही सांगितली. एकाही नावापाशी थांबल्या नाहीत. सुट्टी संपल्याची घंटा झाली, मुली वर्गात पळाल्या. मला वाटलं आता त्या जातील.

"आता तुम्ही म्हणा," बाई म्हणाल्या.

मी इकडेतिकडे बघितलं. दारात माझी मुलगी उभी होती. शाळेचा शिपाई बघत होता. मी हातातली पिशवी खाली ठेवली आणि म्हणू लागलो. कमल, तीन वर्षं. दगडू, अडीच. यमुना, चार. चौथ्या नावाला अडखळलो.

बाईंनी सांगितलं नाही. वर्गात पंचेचाळीस मुली वाट बघत होत्या, तरी त्या जागच्या हलल्या नाहीत.

"पुन्हा पहिल्यापासून," म्हणाल्या.